एर्तुग्रुल: एका रात्रीची मैत्री आणि चौतीस वर्षे न झालेला तह

#थ्रेड

१/ १६ सप्टेंबर १८९०ची रात्र. जपानच्या किई द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी असलेले ओशिमा हे छोटेसे बेट वादळाने झोडपून निघाले होते. बेटाच्या पूर्वेकडील कड्यावर काशिनोझाकीचा दीपस्तंभ उभा होता. त्याच्या दाराशी रक्ताळलेले, फाटक्या कपड्यांतले काही परके खलाशी येऊन पोहोचले. त्यांची भाषा दीपस्तंभाच्या रक्षकांना कळेना. अखेर रक्षकांनी देशोदेशींच्या ध्वजांचे पुस्तक त्यांच्यापुढे धरले. खलाशांनी बोट ठेवले ते चंद्रकोर आणि तारा असलेल्या तांबड्या ध्वजावर.

२/ तो ध्वज उस्मानी साम्राज्याचा होता. कड्याखालच्या खडकांवर फुटलेले जहाज होते ‘एर्तुग्रुल’, सुलतान अब्दुल हमीद दुसरा याने जपानच्या सम्राटाकडे पाठवलेली युद्धनौका. तुर्कस्तान आणि जपान यांच्या मैत्रीची कथा बहुधा याच रात्रीपासून सांगितली जाते. मात्र त्या रात्री या दोन देशांमध्ये कोणताही तह नव्हता, आणि पुढची ३४ वर्षेही तो होऊ शकला नाही. जिथे लोकांची मने इतकी जुळली, तिथे दोन दरबारांचे का जुळले नाही?

३/ उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकात उस्मानी साम्राज्य आणि जपान ही दोन्ही राज्ये नावाने स्वतंत्र होती, पण त्यांचे सार्वभौमत्व अपुरे होते. उस्मानी भूमीत युरोपीय व्यापाऱ्यांना ‘कॅपिट्युलेशन्स’ नावाच्या सवलती होत्या. सुलतान बलाढ्य असताना व्यापार वाढावा म्हणून त्या उदारपणे दिल्या गेल्या. साम्राज्य दुबळे झाल्यावर त्यांच्याच बेड्या झाल्या. परकीयाने गुन्हा केला, तर त्याचा निवाडा मुख्यतः त्याच्याच देशाचा वकील करणार! आयातीवरील जकातही सुलतानाला स्वतःच्या इच्छेने वाढवता येत नसे.

४/ जपानची अवस्था निराळी नव्हती. १८५८ साली अमेरिका, नेदरलँड्स, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्याशी झालेल्या तहांनी तिथेही परकीयांची न्यायालये आणि बांधलेली जकात आली. १८६६च्या करारान्वये तर परकीय जहाजांच्या सोयीसाठी दीपस्तंभ उभारण्याची जबाबदारीही जपानवर पडली. काशिनोझाकीचा दीपस्तंभ त्यांपैकीच एक. ब्रंटन या स्कॉटिश अभियंत्याने तो उभारला आणि १८७० साली तो पेटला. ‘एर्तुग्रुल’चे खलाशी ज्या दिव्याच्या रोखाने कडा चढले, तो दिवाही असमान तहाच्याच पोटी जन्मलेला होता.

५/ हे ओझे केवळ कागदावरचे नव्हते. १८८६च्या ऑक्टोबरमध्ये किईच्या याच सागरात ‘नॉर्मंटन’ हे ब्रिटिश जहाज बुडाले. कप्तान आणि त्याचे युरोपीय सहकारी नावांत बसून वाचले. जहाजावरचे पंचवीसच्या पंचवीस जपानी प्रवासी मेले. खटला चालला तो ब्रिटिश वकिलातीच्या न्यायालयात, आणि कप्तान निर्दोष ठरला. जपानभर संतापाची लाट उसळली, तेव्हा फेरचौकशी होऊन त्याला अवघी तीन महिन्यांची कैद झाली. मृतांच्या नातलगांना भरपाईचा एक छदामही मिळाला नाही.

६/ आपल्यासारखेच ओझे वाहणारे आणखी कोण आहे, हे जपान बारकाईने पाहत होता. १८७३ साली युरोपात गेलेल्या इवाकुरा शिष्टमंडळातील फुकुची गेन्इचिरो इस्तंबूलला गेला. परकीयांचे खटले तिथे कसे चालतात, याचा अभ्यास हा त्याच्या दौऱ्याचा हेतू होता. १८७८ साली ‘सेइकी’ ही जपानी युद्धनौका इस्तंबूलला पोहोचली. १८८१ साली योशिदा मासाहारू हा दूत इराणमार्गे येऊन सुलतानाला भेटला. १८८७ साली तर सम्राटाच्या घराण्यातील राजपुत्र कोमात्सुच इस्तंबूलला आला.

७/ भेटी झाल्या, नजराणे झाले; तहाची गाडी मात्र एकाच खाचेत रुतत राहिली. युरोपीय सत्तांना उस्मानी भूमीत ज्या सवलती आहेत, त्याच आपल्यालाही हव्यात, असा जपानचा आग्रह होता. उस्मानी दरबाराला हव्या होत्या बरोबरीच्या अटी. गळ्यात आधीच पडलेले फास सोडवण्याची धडपड चालू असताना आणखी एक फास, तोही एका आशियाई मित्राच्या हातून, सुलतान का स्वीकारील? आणि युरोपाच्या पंक्तीला बसू पाहणारा जपान युरोपापेक्षा कमी मानाचे पान का पत्करील?

८/ तह होत नसला तरी संबंध तुटू द्यायचे नव्हते. राजपुत्राच्या भेटीची परतफेड म्हणून सुलतानाने युद्धनौका पाठवायचे ठरवले. त्यात इतरही हेतू होते: नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांना दूरच्या सागराचा अनुभव मिळावा, आणि वाटेतल्या बंदरांतील मुसलमानांना खलिफाचा ध्वज दिसावा. निवड झाली ‘एर्तुग्रुल’ची. हे लाकडी जहाज १८६३ साली पाण्यात उतरले होते. म्हणजे त्याचे वय पंचविशी ओलांडून गेले होते. इतक्या लांबच्या प्रवासाला ते टिकेल का, ही शंका निघण्याआधीही बोलली गेली होती.

९/ १४ जुलै १८८९ रोजी उस्मान बे याच्या नेतृत्वाखाली, सुमारे सहाशे माणसांसह जहाजाने इस्तंबूल सोडले. सुवेझ कालव्यातच ते रुतले आणि दुरुस्तीत आठवडेच्या आठवडे गेले. पुढे जेद्दा, एडन आणि ऑक्टोबरमध्ये मुंबई. खलिफाची युद्धनौका बंदरात आल्याचे कळताच ती पाहायला मुंबईच्या मुसलमानांची झुंबड उडाली. कोलंबोमार्गे जहाज सिंगापूरला पोहोचले, आणि तिथे त्याला काही महिने खोळंबावे लागले. याच प्रवासात उस्मान बे याला बढती मिळून तो उस्मान पाशा झाला.

१०/ ७ जून १८९० रोजी, जवळजवळ अकरा महिन्यांनी, ‘एर्तुग्रुल’ योकोहामाला लागले. उस्मान पाशाने सम्राट मेइजीची भेट घेऊन सुलतानाचे पत्र आणि सन्मानचिन्ह अर्पण केले. स्वागतसमारंभ थाटात झाले. परंतु नंतर जहाजावर पटकी पसरली, काही खलाशी दगावले आणि परतीचा प्रवास लांबला. तोवर तुफानांचा मोसम सुरू झाला होता. जहाजाची डागडुजी करून मगच निघावे, असे जपान्यांनी सुचवले. पण परतण्याची घाई होती. १५ सप्टेंबरला ‘एर्तुग्रुल’ने योकोहामा सोडले.

११/ दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी वाऱ्याने दिशा बदलली आणि वादळ समोरून आले. डोलकाठ्या मोडल्या, जुन्या लाकडाचे सांधे सुटले, कोळशाच्या कोठारात पाणी शिरले. हताश जहाज काशिनोझाकीजवळच्या खडकांकडे ओढले गेले. पाणी बाष्पकापर्यंत पोहोचताच स्फोट झाला आणि जहाजाचे तुकडे झाले. उस्मान पाशासह पाचशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. वाचले फक्त ६९.

१२/ ओशिमाचे गावकरी मासेमार आणि अल्पभूधारक शेतकरी होते. वादळामुळे त्यांच्या घरात आधीच धान्य थोडे होते. तरीही त्यांनी कड्याखाली उतरून जखमींना पाठीवर वाहून आणले, स्वतःचे कपडे त्यांच्या अंगावर घातले, साठवलेली रताळी शिजवली, अडीअडचणीसाठी राखलेल्या कोंबड्या कापल्या. थंडीने गारठलेल्यांना अंगाची ऊब देऊन जगवल्याच्या आठवणी बेटावर आजही सांगितल्या जातात. पुढचे कित्येक दिवस किनाऱ्याला लागणारी प्रेते गोळा करून गावकऱ्यांनी ती कड्यावर, समुद्राकडे पाहणाऱ्या जागी पुरली.

१३/ जखमींवर उपचार करणाऱ्या स्थानिक वैद्यांना नंतर खर्चाचा हिशेब विचारण्यात आला. पैसे घेण्याचा विचार आपल्या मनात मुळातच नव्हता. देणे असेलच तर ते संकटग्रस्तांना द्यावे, असे त्यांनी लेखी कळवले. हा कागद आजही टिकून आहे. ‘नॉर्मंटन’ला चारच वर्षे झाली होती. त्या वेळी याच समुद्रात परक्यांनी जपान्यांना बुडू दिले होते. आता याच किनाऱ्यावरच्या जपान्यांनी परक्यांना वाचवले. हा विरोधाभास जपानी वाचकांना कोणी उलगडून सांगण्याची गरज नव्हती.

१४/ बातमी पसरताच देशभरातून देणग्या सुरू झाल्या. वाचलेल्यांना कोबे येथे आणून उपचार दिले गेले. त्यानंतर सम्राटाच्या सरकारने ‘हिएई’ आणि ‘कोंगो’ या दोन युद्धनौका त्यांना घरी पोहोचवण्यासाठी काढल्या. २ जानेवारी १८९१ रोजी त्या इस्तंबूलला पोहोचल्या. ‘हिएई’वर एक तरुण प्रशिक्षणार्थी होता, अकियामा सानेयुकी. पुढे त्सुशिमाच्या समुद्रात रशियन आरमाराचा पराभव झाला, त्या लढाईची आखणी करणारा तो हाच.

१५/ तह नसल्यामुळे इस्तंबूलमध्ये जपानचा वकील नव्हता. ती पोकळी भरून काढली सामान्य माणसांनी. ‘जिजी शिम्पो’ या वृत्तपत्राचा प्रतिनिधी नोदा शोतारो वाचकांच्या देणग्या घेऊन या युद्धनौकांबरोबर आला होता. सुलतानाच्या इच्छेवरून तो तिथेच थांबला आणि उस्मानी अधिकाऱ्यांना जपानी भाषा शिकवू लागला. १८९१ साली त्याने इस्लामचा स्वीकार केला.

१६/ दुसरा होता यामादा तोराजिरो. चहाविधीची परंपरा जपणाऱ्या घराण्यात वाढलेला हा पंचविशीतला तरुण. त्यानेही मृतांच्या कुटुंबीयांसाठी पैसा जमवला आणि १८९२ साली तो इस्तंबूलला पोहोचला. सोबत आपल्या घरातले वडिलोपार्जित चिलखत आणि तलवार त्याने सुलतानाला भेट म्हणून आणली होती. ती चीजवस्तू आज तोपकापी राजवाड्याच्या संग्रहात आहे. यामादाचा मुक्काम मधल्या काही खंडांसह पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत चालला.

१७/ इस्तंबूलच्या पेरा भागात यामादा आणि त्याचा भागीदार नाकामुरा यांचे दुकान होते. जपानी रेशीम, चिनी मातीची भांडी, चहा, कलाकुसरीच्या वस्तू तिथे मिळत. व्यापार मोठा नव्हता, पण दुकानाचे महत्त्व उलाढालीत नव्हतेच. इस्तंबूलला येणारा प्रत्येक जपानी अधिकारी, विद्वान किंवा प्रवासी आधी या दुकानात डोकावत असे. राजवाड्यात ओळख करून देणे, दुभाषा मिळवणे, अडचण सोडवणे, सारे काही तिथून होई. वकिलातीविना चाललेली ही जणू वकिलातच होती.

१८/ दरम्यान जपानची स्वतःची बेडी तुटली. १८९४ साली ब्रिटनशी नवा तह झाला आणि १८९९पासून परकीयांची न्यायालये जपानमधून हद्दपार झाली. पण मुक्त झालेल्याने दुसऱ्याच्या बेड्या ओळखाव्यात, असा इतिहासाचा नियम नाही. १८७६ साली जपानने कोरियावर आणि १८९४-९५च्या युद्धानंतर चीनवर तसेच असमान तह लादले होते. इस्तंबूलशी बोलणी निघत तेव्हाही त्याची मागणी तीच राही, आणि उस्मानी दरबाराचा नकारही तोच.

१९/ तह नसला तरी कौतुकाला पारावार नव्हता. १९०५ साली जपानने रशियाला हरवले, तेव्हा रशियाकडून अनेकदा मार खाल्लेल्या तुर्कांना तो स्वतःचाच विजय वाटला. लेखिका हालिदे एदिब हिने त्याच सुमारास जन्मलेल्या आपल्या मुलाच्या नावात ‘तोगो’ हे जपानी आरमारप्रमुखाचे नाव गुंफले. १९०९ साली तातार विद्वान अब्दुर्रशीद इब्राहिम जपानला गेला आणि त्याच्या प्रवासवर्णनातून तो देश तुर्की वाचकांच्या घरात पोहोचला. पाश्चात्त्यांचे अंधानुकरण न करता आधुनिक होता येते, याचा दाखला म्हणून सुधारकही आणि परंपरावादीही जपानकडेच बोट दाखवीत.

२०/ पहिल्या महायुद्धाने हे दोन देश परस्परविरोधी गोटांत उभे केले. उस्मानी सरकारने १९१४ साली कॅपिट्युलेशन्स एकतर्फी रद्द केल्या. पण युद्धातला पराभव आणि १९२०चा सेव्ह्र तह यांनी त्या पुन्हा मानेवर आणल्या. मुस्तफा कमाल यांच्या नेतृत्वाखालील स्वातंत्र्ययुद्धाने तो तह धुडकावला. २४ जुलै १९२३ रोजी लोझान येथे नवा तह झाला. त्याच्या २८व्या कलमाने कॅपिट्युलेशन्स सर्वस्वी संपल्या. त्यावर सही करणाऱ्या दोस्त राष्ट्रांत जपानही होता.

२१/ ६ ऑगस्ट १९२४ रोजी लोझानचा तह अमलात आला आणि त्याच दिवसापासून तुर्कस्तान व जपान यांचे राजनैतिक संबंध सुरू झाले. इतकी वर्षे अडलेली गोष्ट सुटली ती कोणाच्या मैत्रीमुळे नव्हे. वादाचे मूळच नाहीसे झाल्यामुळे. पुढच्याच वर्षी दूतावास उघडले. १९२९ साली सम्राट हिरोहितोने ओशिमाला भेट दिली. १९३७ साली तुर्की प्रजासत्ताकाने त्या कड्यावर नवे स्मारक उभारले. १९३८ साली रशियातून आलेल्या तातारांच्या पुढाकाराने टोकियोत मशीद उभी राहिली. तिची आजची वास्तू २००० साली तुर्कस्तानने नव्याने बांधून दिलेली आहे.

२२/ दुसऱ्या महायुद्धात तुर्कस्तान जवळजवळ अखेरपर्यंत तटस्थ राहिला. १९४५च्या जानेवारीत त्याने जपानशी संबंध तोडले आणि फेब्रुवारीत जर्मनीबरोबर जपानविरुद्धही युद्ध पुकारले. संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेत जागा मिळवण्यासाठीची ही औपचारिकता होती. लढाई एकही झाली नाही. १९५२ साली संबंध पूर्ववत झाले.

२३/ १७ मार्च १९८५. इराण-इराक युद्ध पेटले होते. सद्दाम हुसेनच्या सरकारने जाहीर केले की ४८ तासांनंतर इराणच्या आकाशातले कोणतेही विमान पाडले जाईल. तेहरानमधल्या परदेशी विमानांत त्या त्या देशांचे नागरिक आधी चढू लागले. जपानी विमान कंपनीची तेहरानला नियमित सेवा नव्हती आणि सुरक्षेच्या हमीशिवाय विमान पाठवणे शक्य झाले नाही. शेकडो जपानी, त्यांत लहान मुले, अडकून पडले.

२४/ जपानी राजदूताने तुर्की राजदूताकडे मदत मागितली. इकडे इस्तंबूलमधील एका जपानी व्यापारी संस्थेच्या प्रतिनिधीने थेट पंतप्रधान तुर्गुत ओझाल यांना साकडे घातले. तुर्की सरकारने विमान पाठवले. १९ मार्चला, मुदत संपायच्या आत, २१५ जपानी नागरिक तुर्की विमानांतून तेहरानबाहेर पडले. इराणात शेकडो तुर्की नागरिकही होते. त्यांतले अनेक रस्त्याने, कित्येक दिवसांचा प्रवास करून मायदेशी परतले. स्वतःच्या माणसांआधी परक्यांना जागा का दिली, असा ओरडा तुर्कस्तानात झाला नाही.

२५/ ‘एर्तुग्रुल’च्या ऋणाची ही परतफेड, असे या घटनेचे वर्णन नेहमी होते, आणि ते खोटे नाही. पण ते अपुरे आहे. ओझाल त्या काळी जपानी भांडवल आणि तंत्रज्ञानासाठी देशाची दारे उघडत होते. बॉस्फरसवरचा दुसरा पूल बांधण्याचे काम त्याच वर्षी जपानी, इटालियन आणि तुर्की कंपन्यांच्या समूहाकडे गेले. १९८८ साली तो खुला झाला. फोन उचलणारी ओळख व्यापारातून आली होती, आणि त्या फोनला होकार देणे सोपे झाले ते जुन्या स्मृतीमुळे. हितसंबंध आणि कृतज्ञता दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

२६/ त्यानंतर देवाणघेवाण थांबली नाही. १९९९च्या भूकंपात तुर्कस्तान उद्ध्वस्त झाला, तेव्हा कोबेच्या भूकंपग्रस्तांसाठी बांधलेली तात्पुरती घरे जपानी नौदलाच्या जहाजांनी तिकडे नेली. २०११च्या त्सुनामीनंतर तुर्की बचावपथक जपानमध्ये आठवडेच्या आठवडे राबले. बॉस्फरसच्या तळाखालून जाणारा आणि २०१३ साली सुरू झालेला मार्माराय रेल्वे बोगदा जपानी कर्ज आणि जपानी कौशल्य यांतून साकारला. अनातोलियातील कामान-कालेहोयुक येथील उत्खनन जपानी पुरातत्त्वज्ञ १९८०च्या दशकापासून करीत आहेत.

२७/ तराजू मात्र समतोल नाही. तुर्कस्तान जपानकडून जेवढे विकत घेतो, त्याच्या मानाने विकतो फार थोडे. यंत्रे आणि वाहनांचे भाग इकडे येतात, तिकडे जाणाऱ्या मालाची किंमत त्यापुढे तोकडी पडते. मुक्त व्यापाराच्या कराराची बोलणी २०१४ साली सुरू झाली आणि ती वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली. १८९०च्या दशकातले दृश्य पुन्हा आठवावे: आपुलकी अमाप, आणि कागदावर सही करताना दोघेही आपापल्या हिशेबाला चिकटून.

२८/ २००७पासून काशिनोझाकीच्या समुद्रतळाशी पाणबुड्या संशोधकांनी ‘एर्तुग्रुल’चे अवशेष शोधायला सुरुवात केली. हजारो वस्तू वर आल्या. त्यांत जहाजाच्या स्वयंपाकघरातली तांब्याची मोठी कढईही आहे. सहाशे माणसांचे अन्न शिजवणारी ती भांडी शतकाहून अधिक काळ वाळूत पडून होती. वर कड्यावर त्यांच्या मालकांच्या कबरी आहेत, आणि ओशिमाच्या शाळेतली मुले पिढ्यान्‌पिढ्या त्या जागेची झाडलोट करीत आली आहेत. या देखभालीची अट कोणत्याही तहात लिहिलेली नाही.

(थ्रेड समाप्त)